शिकवणारा एक, शिकणारे सतरा तऱ्हेचे

प्रश्न: मी बाईक सेफ्टीचं ट्रेनिंग देतो. बॅचमध्ये एकीनं कधी क्लचसुद्धा धरलेला नाही आणि शेजारी वर्षानुवर्षं बाईक चालवणारे काका, ते म्हणतात पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटा पडतो. सगळ्यांना एकच शिकवू का?

उत्तर: धडा एकच, पद्धत वेगळी. काकांशी वाद घालूच नका, मोठ्या माणसाला चारचौघात चूक म्हटलं की तो ऐकायचंच बंद करतो (आपणही तेच करतो की). मोकळ्या मैदानात ताशी ३० च्या स्पीडला आधी फक्त मागच्या ब्रेकनं थांबवा, खूण करा, मग दोन्ही ब्रेक, हँडल सरळ आणि पुढचा लिव्हर एकदम न आवळता दाबत न्यायचा, अंतर किती कमी झालं ते त्यांनाच पावलांनी मोजू द्या. ब्रेक मारल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून पुढचा ब्रेक जास्त पकडतो, हे नंतर सांगा, तेव्हा पटतं. नवखीला मात्र आधी थिअरी नकोच, पहिला गिअर, पाय जमिनीवर आणि क्लच सोडताना गाडी जिथे पुढे ओढायला लागते तो पॉइंट निवांत पुन्हापुन्हा सापडू द्या. आणि 'समजलं का' विचारू नका, सगळेच हो म्हणतात, करून दाखवायला सांगा.