पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय सुरू करायचाय. परवाना कसा मिळतो आणि प्रशिक्षण कुठे घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालात, मेव्हण्यासोबत नाशिकला पेस्ट कंट्रोल सुरू करायचंय, आणि मेव्हणा म्हणतो, "पंप घ्यायचा, कार्डं छापायची, परवाना कोण विचारतंय?" शिवाय गावाकडे काका वर्षानुवर्षं द्राक्षबागेत फवारतात, त्यांना कधी कुणी परवाना मागितला नाही, मग आपल्यालाच का, असंही विचारलंय. मी याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेव्हण्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. घरगुती गिऱ्हाईक परवाना विचारत नाही. ते भाव विचारतं, वास किती वेळ राहील विचारतं, आणि झुरळं परत आली तर फुकट करून द्याल ना, एवढं विचारतं. पण मोठी सोसायटी, हॉटेल, बेकरी, औषधांचं गोदाम, शाळा यांच्याकडे कोटेशन घेऊन गेलात की परवान्याची झेरॉक्स आधी मागतात. खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्यांना अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार कीडनियंत्रण करावंच लागतं, आणि तपासणीला आलेला माणूस फाईल उघडून कोणी केलं, कुठलं औषध वापरलं हे बघतो. वर्षाची कंत्राटं तिथेच मिळतात. ओळखीच्या फ्लॅटांवर दोन माणसांचं घर चालत नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर परवाना पहिल्या कामापासून लागतो.

कायदा म्हणजे कीटकनाशक अधिनियम 1968 आणि त्याखालचे 1971 चे नियम. अधिनियमाच्या कलम 13 मध्ये कीटकनाशक बनवणं, विकणं, साठवणं यांच्या जोडीने व्यावसायिक कीडनियंत्रणही येतं. म्हणजे दुसऱ्याच्या जागेत पैसे घेऊन औषध मारायचं तर परवाना हवा. काका स्वतःच्या बागेत फवारतात, त्यांना तो लागत नाही. त्यांच्याकडे मी शेवटी येतो.

पात्रता साधी आहे: कृषी पदवी, किंवा केमिस्ट्री विषय असलेली विज्ञान शाखेची पदवी, आणि वर किमान 15 दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. म्हणजे तुमचं निम्मं काम झालेलंच आहे. अर्ज तुमच्या नावावर करा, मेव्हण्याच्या नव्हे. प्रशिक्षण मात्र कुठलंही चालत नाही. नियमात संस्थांची नावंच दिली आहेत: म्हैसूरची सीएफटीआरआय म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, उत्तर प्रदेशातल्या हापूरची धान्य साठवण संस्था म्हणजे आयजीएमआरआय, आणि हैदराबादची एनपीपीटीआय म्हणजे वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्था. ही तिसरी आता एनआयपीएचएम या नावाने चालते, राजेंद्रनगरला. नाशिकहून जायला हैदराबाद सोयीचं. तिघांच्याही वेबसाइटवर बॅचच्या तारखा येतात, जागा मर्यादित असतात, तेव्हा आधी तिकडे ईमेल टाका आणि मगच दुकानाचा गाळा बघा. बरेच जण उलट करतात आणि बॅचची वाट बघत रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत बसतात. "दोन दिवसांत घरबसल्या सर्टिफिकेट" अशा जाहिराती तुमच्या मोबाइलवर येतीलच. पैसे देण्याआधी संस्थेचं नाव नियमात आहे का तेवढं बघा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर अर्ज राज्याच्या कृषी खात्याकडे. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गुणनियंत्रणाचं काम बघणाऱ्या माणसाला आधी भेटा आणि कागदांची यादी त्याच्याकडूनच घ्या, इंटरनेटवर फिरणारी नको. पदवी, प्रमाणपत्र, जागेचा करार, गुमास्ता हे लागतंच. एजंट दहा-वीस हजार मागतो ते याच कागदांचे. तुम्ही शिकलेले आहात, स्वतः जा.

इथपर्यंतचं सगळं कुणीही सांगेल. मला खरं बोलायचंय ते पुढचं. परवान्यासाठी शिकतो तो पदवीधर, आणि लोकांच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून औषध मारतो तो दहावी नापास पोरगा. 15 दिवसांतलं त्या पोरापर्यंत काय पोचतं, यावर तुमचा धंदा चालणार. नियम 42 मध्ये कामगारांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी काम घेणाऱ्यावर टाकलेली आहे, पण ते दिलं की नाही हे बघायला कुणी येत नाही.

उदाहरण वाळवीचं घेऊ. तयार घरात वाळवीचं काम आयएस 6313 या मानकाप्रमाणे होतं: भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे 12 मिलिमीटरची भोकं, दर 300 मिलिमीटरवर एक, आणि प्रत्येक भोकात साधारण एक लिटर द्रावण. आता द्रावण बघा. क्लोरपायरीफॉस 20 ईसी, म्हणजे 20 टक्के तीव्रतेचं औषध, असेल तर एक टक्क्याचं द्रावण करायला एक लिटर औषधात 19 लिटर पाणी, म्हणजे तयार द्रावणात लिटरमागे 50 मिली औषध. इमिडाक्लोप्रिड 30.5 एससी असेल तर लिटरमागे फक्त 2.1 मिली. दोन्ही औषधं वाळवीचीच, दोन्ही बाटल्या त्याच पिशवीत. आदल्या साइटवर क्लोरपायरीफॉस मोजलेला पोरगा आज सवयीने त्याच मापाने इमिडाक्लोप्रिड ओतायला लागला, तर वीस पटींहून जास्त औषध त्या घरात जातं. उलटं झालं तर वाळवी जिवंत राहते आणि सहा महिन्यांनी दाराची चौकट पोकळ निघते. म्हणून माझ्याकडे बाटलीच्या झाकणाने मोजायला सक्त मनाई आहे. प्रत्येक बाटलीला तिचं स्वतःचं मोजपात्र दोऱ्याने बांधलेलं असतं आणि त्यावर मराठीत प्रमाण लिहिलेलं असतं. दिसायला गावठी आहे, पण चालतं.

लेबल वाचायलाही असंच शिकवावं लागतं. डब्यावरच्या तिरक्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, आणि सगळ्यात कमी हिरवा. रंग सगळ्यांना कळतात. पण विषबाधेची लक्षणं आणि उतारा लिहिलेलं चिटोरं डब्याला चिकटलेलं असतं, ते पहिल्याच दिवशी फेकलं जातं. ते जपा. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाच्या औषधाने (क्लोरपायरीफॉस याच गटातलं) बाधा झाली तर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटाच्या औषधांना तसा ठरलेला उतारा नाही, लक्षणं बघून उपचार होतात. पेशंटसोबत लेबल गेलं तर डॉक्टरचा वेळ वाचतो. दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राचा टोल फ्री नंबर 1800 116 117 पोरांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.

मास्कवर पैसे वाचवू नका. कोविडमधला कापडी किंवा साधा एन-95 धुळीसाठी असतो, औषधाच्या वाफेला तो काही कामाचा नाही. कार्बनचं कार्ट्रिज असलेला घ्या, आणि मास्क घातला असताना आत वास यायला लागला की कार्ट्रिज बदला. ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट वापरणाऱ्या माणसाच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज (मज्जातंतूंना लागणारं एन्झाइम, या औषधांनी ते घटतं) दर महिन्याला तपासावं, असं नियम 37 म्हणतो. प्रत्यक्षात कोण करतं हे विचारू नका. मी म्हणून घरकामात शक्यतो ती औषधं ठेवतच नाही. झुरळांना जेल, बाकीला पायरेथ्रॉइड. मात्र पायरेथ्रॉइड माशांना भयंकर विषारी असतं. घरात फिशटँक असेल तर तो नीट झाका आणि हवेचा पंपही बंद करा, नाहीतर खोलीतली हवा तो पाण्यात ओढत राहतो.

मेव्हण्याला दोन गोष्टी मात्र ठासून सांगा. जुने लोक ढेकणांवर डीडीव्हीपी, म्हणजे डायक्लोरव्हॉस, मारायचे, अजूनही कुणीतरी "माल आहे" म्हणून देईल. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे, घेऊ नका. आणि सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, कुणाच्याही राहत्या घरात वापरायच्या नाहीत, गिऱ्हाईक पाया पडलं तरी. हवेतल्या ओलाव्याने तीन ग्रॅमच्या गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो, आणि तो भिंतीच्या फटीतून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातो. ढेकणांसाठी खोलीत गोळ्या ठेवल्या आणि शेजारची लहान मुलं गेली, अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. धुरीकरण, म्हणजे असा विषारी वायू सोडून कीड मारणं, हे गोदामाचं आणि कंटेनरचं काम आहे, त्याला वेगळी मान्यता आणि वेगळी माणसं लागतात. पहिली काही वर्षं त्या वाटेला जाऊच नका.

आता काका. परवाना लागत नाही याचा अर्थ शिकण्यासारखं काही नाही असा होत नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, वरून पडणारे तुषार थेट तोंडावर येत होते, अंगात साधा शर्ट, आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र. यातल्या कुणालाही परवाना लागत नव्हता. काकांसाठी कृषी विज्ञान केंद्रात फवारणी सुरक्षेची शिबिरं होतात, हंगामाआधी चौकशी करा. त्यांना ड्रोनने दुसऱ्यांच्या बागा फवारायच्या असतील तर तो प्रकार वेगळा: दहावी पास, वय 18 ते 65, आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतून रिमोट पायलट प्रमाणपत्र.

आत्ता हैदराबादची बॅच बघा. तोवर मेव्हण्याला चार-सहा महिने एखाद्या परवानाधारकाकडे हेल्पर म्हणून पाठवा. गिऱ्हाईकाशी बोलणं आणि ड्रिल धरणं तिथेच शिकता येतं. नाशिकमध्येच असाल तर इथे मेसेज करा, वाळवीच्या एखाद्या साइटवर दोघांना सोबत नेईन.