उन्हाळ्याच्या सुट्टीत काय वाचायचं, आणि कोणत्या क्रमाने

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. सुट्टीत वाचायला चांगली पुस्तकं सुचवा, असं तू लिहिलंस. सुचवतोच, पण क्रमासकट. सुट्टीतलं वाचन अर्ध्यात सुटतं ते बहुतेक वेळा चुकीचं पुस्तक आधी हातात घेतल्यामुळे. वीस नावांची यादी होते, त्यातलं सगळ्यांत गाजलेलं किंवा सगळ्यांत जाडजूड पुस्तक पहिलं उघडलं जातं, पन्नास-साठ पानांवर गाडं अडतं आणि उरलेल्या एकोणीस पुस्तकांना हातही लागत नाही. सहा-सात आठवड्यांना पाच पुस्तकं पुष्कळ झाली.

आधी स्वतःचा वेग मोज. कुठलीही साधी कादंबरी घेऊन पंधरा मिनिटं नेहमीच्या गतीने वाच, पानं मोज आणि चारने गुण. तासाला वीस ते तीस पानं होत असतील तर ठीकच आहे. पंचवीस धरली, तर रोज पाऊण तासात आठवड्याला साधारण एकशेतीस पानं होतात. ही पाऊण तासाची बैठक शक्यतो सकाळी ठेव आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. रात्री अंथरुणात वाचलेलं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावं लागतं.

पहिलं पुस्तक ‘बनगरवाडी’, व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची कादंबरी. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढंच कथानक. वाक्यं आखूड, वर्णन नेमकं, आणि एका आठवड्यात ती संपते. एक पुस्तक पुरं झालं की पुढचं उघडायला जोर येतो, म्हणून सुरुवात हिच्यापासून. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना मात्र आधी वाचू नकोस. वाडीचं पुढे काय होतं ते तिथे कळून गेलं तर शेवटच्या प्रकरणांतली धार जाते.

त्यानंतर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपन या मुलाच्या या कथा. प्रत्येक कथा सुटी वाचता येते, पण ओळीने वाच, कारण माणसं हळूहळू ओळखीची होत जातात. लंपनच्या बोलण्यात कानडीचा वास आहे आणि काही शब्द त्याचे स्वतःचेच आहेत. अर्थ शोधत थांबू नकोस, दुसऱ्या-तिसऱ्या कथेपर्यंत ते आपोआप उलगडतात. आवडलं तर पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आहेतच.

आता या सुट्टीचं मुख्य पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. याला तीन आठवडे दे. 1934 पासून ते भागाभागाने आलं. लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता आलं ते लग्नानंतर, आणि तरीही मराठी गद्यात इतकं मोकळं, इतकं खरं लिहिणारी माणसं थोडी आहेत. वडिलांचं सोवळ्याचं वेड, कवी नवऱ्याचा लहरी संसार, 1895 मध्ये नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, असं सगळं त्या सांगतात, पण कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत. हसू आणि रडू एकाच परिच्छेदात येतं. घाईने वाचलं तर नेमकं हेच निसटतं.

इथे लोक अडतात ते सुरुवातीच्या नातेवाइकांच्या गर्दीत. कोण कुणाची आत्या, कोण कुणाचे भाऊ, हे लक्षात राहत नाही आणि पुस्तक बाजूला पडतं. उपाय सोपा आहे: शेवटच्या कोऱ्या पानावर चिठ्ठी लावून नावं आणि नाती लिहीत जा. दहा-बारा नावं झाली की पुढे गरज पडत नाही. दुसरी गोष्ट, संक्षिप्त आवृत्ती घेऊ नकोस. या पुस्तकाचा जीव बारीकसारीक प्रसंगांत आहे आणि संक्षेपात कात्री लागते ती त्यांनाच.

या तीन आठवड्यांत जोडीला दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ ठेव. महिन्याला एक असे निसर्गावरचे बारा लेख आहेत. तू आत्ता चैत्र, वैशाख, ज्येष्ठ एवढेच वाच. बाकीचे त्या त्या महिन्यात. सलग बारा वाचले की झाडं-फुलं एकमेकांत मिसळतात आणि वर्णनाचा कंटाळा येतो. तो दोष लेखिकेचा नव्हे, वाचण्याच्या पद्धतीचा.

चौथं, विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून कोकणातल्या वरसईहून उत्तरेला निघालेला हा भिक्षुक 1857 च्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्यात शहराच्या आत होता. राजा किंवा सेनापती नसलेल्या माणसाने पाहिलेलं युद्ध इथे वाचायला मिळतं: पाण्याचे हाल, लूट, लपायची जागा. याची प्रस्तावना मात्र आधी वाचायची. 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी ते छापलं तेव्हा मूळ मजकुरात बदल केले होते. दत्तो वामन पोतदारांनी पुढे मूळ पोथीवरून ते प्रसिद्ध केलं. आपल्या हातात कोणता पाठ आहे हे माहीत हवं. वाक्यं लांब वाटली तर पहिली दहा पानं मोठ्याने वाच, लय सापडते. जवळ नकाशा ठेव आणि महू, ग्वाल्हेर, झाशी, काशी असा मार्ग पेन्सिलने जोडत जा.

शेवटी दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’, 1978. सुरुवात नीट वाच: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे, म्हणजे एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर बसली आहेत. हे सुटलं तर ‘मी’ कोण याचा गोंधळ होतो. पुस्तक अंगावर येतं. सलग दोन दिवस थांबावंसं वाटलं तर थांब, पण अर्धवट सोडू नकोस.

बाकीच्यांसाठी सोडायचा नियम असा: कादंबरी चाळीस पानं, कथासंग्रह दोन कथा. तेवढ्यात पकड आली नाही तर ठेवून दे आणि विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घे. छोटी आहे, एका बोटीवर घडते आणि दोन-तीन दिवसांत खाली ठेववत नाही.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीचं नाव तू पाठवलेल्या यादीत सगळ्यांत वर लिहिलं आहेस. ते या सुट्टीत नको असं मला वाटतं. तिच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचं, ते ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ पहिल्या पानांत गंमत वाटते, मग मधल्या भागात नुसतीच पुनरुक्ती वाटू लागते, कारण त्यामागचं दुखणं कळायला वाचनाची थोडी सवय लागते. या पाचांनंतर ते उघड.

वाचताना रोज तारीख, पान क्रमांक आणि एक ओळ एवढीच नोंद ठेव. कुठे अडलास तर पान क्रमांकासह कळव. त्यावरून पुढे काय घ्यायचं ते सांगता येईल.

तुझा,
एक वाचक