वर्गणी भरण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझा प्रश्न दोनच ओळींचा होता: व्हिडिओ गेम खेळायला कन्सोल (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखं खेळांचं यंत्र) घेऊन दरवर्षी ऑनलाइन खेळायची वर्गणी भरावी, की अजून पैसे साठवून पीसी घ्यावा? मी दोन्हीकडे पैसेही घातलेत आणि रात्रीही. म्हणून नुसतं 'हे घे' म्हणून मोकळं व्हायला मन घेईना.

ही वर्गणी कशाची असते, ते आधी समजून घे. बहुतेकांना वाटतं, सर्व्हर चालवायचा खर्च आपण भरतो. तसं असतं तर पीसीवाल्यांनाही तो भरावा लागला असता. स्टीम या पीसीच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ ऑनलाइन खेळायला स्टीम काहीच घेत नाही. क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्यांना एकत्र खेळायची सोय, असलेल्या खेळात तर वर्गणी भरलेला कन्सोलवाला आणि न भरलेला पीसीवाला एकाच सामन्यात, एकाच सर्व्हरवर असतात. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये विंडोजवरही अशी वर्गणी लावली होती, ती २००८ मध्येच सोडून द्यावी लागली. पीसीवर एकानं दार लावलं तर माणूस दुसऱ्या दारानं आत जातो. कन्सोलला दार एकच, आणि त्याची किल्ली यंत्र बनवणाऱ्याकडे. तू भरशील ते मुख्यतः त्या दाराचं भाडं.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सनं ते २००२ पासून घेतलं. प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि तिथंही प्लस नावाची वर्गणी लागू लागली. निन्टेन्डोनं स्विचसाठी २०१८ मध्ये सुरू केलं.

आता हिशेब कर. प्लेस्टेशन ४ अमेरिकेत ३९९ डॉलरला आला. प्लसची वर्षाची वर्गणी तिथं आधी ५० डॉलर होती, सप्टेंबर २०१६ मध्ये ६० झाली. पहिल्याच दिवशी कन्सोल घेऊन २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ येईपर्यंत ज्यानं खंड न पाडता वर्गणी भरली, त्याचे तीन वर्षांचे १५० आणि पुढच्या चार वर्षांचे २४०, म्हणजे ३९० डॉलर गेले. जवळजवळ आणखी एक कन्सोल! दुकानात पीसी महाग वाटतो तो याच कारणानं. त्याची किंमत एकदम समोर येते, आणि कन्सोलची अर्धी किंमत हप्त्याहप्त्यानं नंतर येते.

एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही आठजण खेळत होतो, शेवटची दोन मिनिटं उरली होती, आमची बाजू वरचढ होती. एकदम चित्र थिजलं आणि पडद्यावर आलं, 'होस्ट बदलत आहे'. त्या खेळाला स्वतःचा सर्व्हर नव्हताच, आमच्यातल्याच एकाचा कन्सोल सामना चालवत होता आणि त्याच्या घरचं इंटरनेट गेलं होतं. आठही जणांनी वर्गणी भरलेली. त्या रात्रीपासून कुठलाही खेळ घेण्याआधी मी एकच गोष्ट शोधतो: याला समर्पित सर्व्हर, म्हणजे सामने चालवायला कंपनीनं ठेवलेले वेगळे संगणक, आहेत का? तूही शोध. कन्सोल असो वा पीसी, पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) कमी राहील की नाही हे त्यावर आणि तुझ्या लाइनवर ठरतं, वर्गणीवर नाही.

'पण दर महिन्याला खेळही मिळतात ना?' असं तू म्हणशील. मिळतात, आणि त्यांतले काही खरंच उत्तम असतात. मी तीन वर्षं ते गोळा केले. मग कामाच्या गडबडीत वर्गणी संपली, आणि एका संध्याकाळी कन्सोल लावला तर त्या सगळ्या खेळांच्या चित्रांवर छोटंसं कुलूप. तेव्हा मला फार वाईट वाटलं. एक खेळ तर निम्मा झाला होता. पैसे मोजून घेतलेला एकुलता एक खेळ तेवढा उघडत होता. तेव्हा वर्गणीतले खेळ वाचनालयातल्या पुस्तकांसारखे धर, आपल्या कपाटातल्यांसारखे नाही.

पीसीबद्दलही खरं तेच सांगतो. तिथं भाडं नाही, पण देखभाल आहे. ग्राफिक्स कार्डाचा खर्च मोठा, ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे ड्रायव्हरची, भानगड अधूनमधून येणारच. नेमबाजीच्या खेळांत चीटर कन्सोलपेक्षा पीसीवर जास्त भेटतात, आणि त्यांना रोखायला काही खेळ विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरणारं अँटी-चीट बसवायला लावतात. व्हॅलरंट २०२० पासून तसंच करतो. ज्याला दमून घरी आल्यावर बटण दाबून अर्धा तास खेळायचंय, त्याच्यासाठी कन्सोलचा सोपेपणा पैसे देण्याजोगा आहे, हे मी मनापासून मानतो.

शिवाय कदाचित तुला वर्गणी लागणारच नाही. फोर्टनाइटसारखे फुकट खेळ प्लेस्टेशनवर प्लसशिवाय चालतात, आणि एक्सबॉक्सनंही एप्रिल २०२१ मध्ये अशा खेळांवरची अट काढली. एकट्यानं खेळायच्या कथाप्रधान खेळांना तर ती कधीच लागत नव्हती. फक्त प्लेस्टेशन आणि स्विचवर सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर, ठेवायचे तर वर्गणी लागते, ते लक्षात ठेव. स्टीमवर ज्या खेळांत ती सोय आहे, तिथं ती फुकट आहे.

माझं मत विचारशील तर: तुझा जीव मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे इतरांबरोबर खेळण्यात, असेल, आणि अभ्यासाला किंवा कामाला तसाही संगणक लागणारच असेल, तर थांब, पैसे साठव आणि पीसी घे. पण तुझी टोळी कन्सोलवर असेल आणि ते खेळतात त्या खेळाला क्रॉसप्ले नसेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेव आणि कन्सोल घे. चांगल्या पीसीवर अनोळखी लोकांबरोबर खेळण्यापेक्षा ते बरं. तेव्हाही वर्षाची वर्गणी लगेच भरू नकोस. आधी एक महिना घे, आणि त्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्यू बंद कर. परीक्षेच्या महिन्यांत खेळणं होत नाही, मग त्या महिन्यांचं भाडं कशाला? वर्षाच्या किमतीला महिन्याच्या किमतीनं भाग. जितके महिने येतील, त्याहून जास्त महिने खेळणार असशील तरच वर्षाची घे.

आता मला तीन गोष्टी लिहून पाठव: गेल्या महिन्यात तू कोणते खेळ खेळलास, त्यांतले किती ऑनलाइन होते, आणि तुझे नेहमीचे सोबती कशावर खेळतात. मग आपण दोघं बसून आकडे मांडू.

तुझा,
दादा