ऑक्सफर्डचं इंग्रजी आणि घरातली एफडी

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबतची दोन्ही कोटेशनंही पाहिली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अक्कलकोट रोडला तुमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. यजमान माग बघतात, हिशेब तुम्ही. लेक सोलापुरातच इंग्रजी घेऊन बी.ए. झाली. तिला ऑक्सफर्डला जाऊन ३६ आठवडे इंग्रजी शिकायचंय. परत आल्यावर इथे क्लास काढायचा आणि परदेशी गिऱ्हाइकांशी स्वतः बोलायचं, असं तिचं म्हणणं. खर्च ११ लाख धरलाय. ९ लाखांची एफडी मोडावी, उरलेलं पीपीएफमधून काढावं की पाटल्या गहाण ठेवाव्यात, हा तुमचा प्रश्न. डिपॉझिट महिनाअखेरीस भरायचंय.

आधी ११ लाखांचं बघू. कोटेशनमध्ये फी आठवड्याला २३० पौंड आहे. पौंड १२० रुपये धरला तर ३६ आठवड्यांचे ९,९३,६०० होतात. त्यात तुम्ही विमानाचं तिकीट मिळवलंत आणि थांबलात. पण पान उलटून बघा. तिथे एका कुटुंबाकडे राहण्याचे आठवड्याला २२० पौंड वेगळे लिहिलेत. ते झाले ९,५०,४००. बस, दुपारचं जेवण, फोन यांना आठवड्याला ४० पौंड धरले तर आणखी १,७२,८००. त्यावर व्हिसा, आरोग्य अधिभार, थंडीचे कपडे. हे प्रकरण साडेबावीस लाखांच्या घरात जातं, ताई. तुमच्या आकड्याच्या दुप्पट. तुमचा हिशेब कच्चा आहे असं मी म्हणत नाही, कारखान्याच्या वह्या सांभाळणारी बाई चुकत नाही. कोटेशनच असं बनवलेलं असतं की फी पहिल्या पानावर आणि राहणं शेवटच्या.

आता या पैशात नेमकं काय मिळतं? ऑक्सफर्डला १०९६ पासून शिकवलं जात होतं अशी नोंद आहे. १२०९ मध्ये गावकऱ्यांशी वितुष्ट येऊन तिथले काही विद्वान बाहेर पडले आणि त्यांच्यातून केंब्रिज उभं राहिलं. हे सगळं खरं आहे आणि लेकीला त्याची ओढ वाटते यात मला काहीच गैर वाटत नाही. पण तुम्हाला आलेलं कोटेशन त्या विद्यापीठाचं नाही. ते त्या शहरातल्या एका खासगी भाषाशाळेचं आहे. विद्यापीठाचं ग्रंथालय, कॉलेजची खोली, प्राध्यापक यांच्याशी तिचा संबंध येणार नाही. हातात पडेल ते शाळेचं प्रमाणपत्र, पदवी नाही. आठवड्याला १५ तास म्हणजे एकूण ५४० तास. तासाला १,८४० रुपये पडले, तेही वर्गातल्या बाकीच्यांबरोबर वाटून.

शिवाय सहा ते अकरा महिन्यांच्या भाषा अभ्यासक्रमासाठी ब्रिटनचा जो व्हिसा मिळतो, त्यावर काम करायला मनाई आहे आणि तो वाढवूनही मिळत नाही. “तिथे जाऊन थोडं कमावेल” ही तुमच्या पत्रातली ओळ कृपा करून खोडून टाका.

माझ्या भाच्याची एक गोष्ट सांगतो. तोही अशाच एका जुन्या शहरात सहा महिने होता. पैसे वाचावेत म्हणून कुटुंबाचं घर सोडून आपल्याकडच्याच चार मुलांबरोबर खोली घेतली. त्याची छोटी वही मी पाहिलीय. वर्गाबाहेर इंग्रजीत किती वेळ बोललो हे तो रोज लिहायचा. एका पानावर होतं: “आज १२ मिनिटं. बसवाला, दुकानदार.” पुढच्या पानावर ९. घरी आल्यावर भात लावायचा, क्रिकेट बघायचं, आणि सगळं बोलणं हिंदीत. व्याकरण सुधारलं, पण जीभ सुटली नाही. वही बंद करताना तो काही बोलला नाही, मीही काही विचारलं नाही.

आणि आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: लेक मागावरच्या मावशींशी तेलुगू फाडफाड बोलते. ती कुठल्या क्लासला गेली होती? लहानपणी दुपारी कांड्या भरणाऱ्या बायकांमध्ये बसायची, त्यांच्या डब्यातलं खायची, भांडणं ऐकायची. बोलल्याशिवाय चालत नव्हतं म्हणून बोलली. आपल्या सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि रुग्णांमध्ये काम करता करता चिनी शिकले. भाषा अशीच येते. म्हणून माझं मत असं की पैसा घालायचाच असेल तर कुटुंबाबरोबर राहण्यावर घाला. वर्गाचे आठवडे कमी करा आणि शहराच्या नावासाठी जादा मोजू नका.

दुसरं कोटेशन यॉर्कचं आहे. तिथलं विद्यापीठ १९६३ चं, म्हणून लेकीने ते बाजूला ठेवलं असं तुम्ही लिहिता. पण यॉर्क शहर रोमनांच्या काळापासूनचं आहे, जुनी तटबंदी आजही उभी आहे, माणसं त्यावरून फिरायला जातात. विद्यापीठाच्या आत लेक दोन्हीकडे नसणारच, मग ते १०९६ चं असो की १९६३ चं. यॉर्कची फी १९० पौंड, राहणं १८०, वरखर्च ४०. बारा आठवड्यांचे ५,९०,४०० रुपये. तिकीट, व्हिसा, कपडे मिळून सव्वा लाखाच्या आत बसवलं तर साधारण सात लाखांत काम होतं. तेवढेच आठवडे ऑक्सफर्डला काढले तर सव्वा लाखाच्या आसपास जास्त पडतील. त्याऐवजी एखाद्या शनिवार-रविवारी तिने रेल्वेने ऑक्सफर्ड डोळे भरून पाहून यावं.

बारा आठवड्यांसाठी पर्यटक व्हिसा चालतो. त्यावर सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं, मात्र शाळा मान्यताप्राप्त हवी. ब्रिटिश कौन्सिलची मान्यता आहे का, ते डिपॉझिटच्या आधी तपासा. जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा शाळकरी मुलांचे जथे येतात आणि दरही चढतात. सप्टेंबरमध्ये गेली तर डिसेंबरच्या सुरुवातीला परत येईल, जानेवारीतली आपली गड्ड्याची यात्राही चुकणार नाही.

पैसा कुठून? पीपीएफला हात लावू नका. खात्याला नऊ वर्षं झाली आहेत, त्यामुळे नियमाने काही रक्कम निघते हे खरं. पण ते ६ लाख तसेच राहिले आणि व्याजदर आजच्यासारखा ७.१ टक्के राहिला, तर एक रुपयाही नवा न घालता सहा वर्षांत सुमारे ९ लाख होतात, तेही करमुक्त. यजमान ५४ चे आहेत आणि मागवाल्याला पेन्शन नसते. पाटल्याही कपाटातच राहू द्या. सुताचा भाव एकदम वाढला की रात्री दहा वाजता तुमच्या हाताशी तेवढंच असतं, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

राहिली एफडी. त्यातून सात लाख आज काढले तर दोनच लाख उरतात. कारखाना चालवणाऱ्या घराला ते पुरेसे नाहीत. म्हणून यंदा नको, पुढच्या सप्टेंबरात पाठवा. तोवर महिन्याला २० हजारांची आरडी लावा, दहा हप्त्यांत दोन लाख जमतात. मग एफडीतून पाचच लाख लागतील आणि हाताशी चार राहतील. खर्च १० लाखांच्या आत असल्याने पैसे परदेशी पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, घेणार नाही. साडेबावीस लाखांच्या बेतात मात्र वरच्या रकमेवर तो भरावा लागला असता. विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. आणि व्हिसाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम आणू नका, तिथल्या अधिकाऱ्याला शंका येते. काही महिने आधीपासून पैसा दिसू द्या.

या मधल्या वर्षात लेकीने काय करावं? तिला खरंच शिकवायचं असेल तर हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठाकडे बघा. १९५८ मध्ये सुरू झालेली ही संस्था आज केंद्रीय विद्यापीठ आहे आणि सोलापूरहून रेल्वेने अर्ध्या दिवसावर आहे. तिथलं एम.ए. तिच्या क्लासच्या पाटीवर यॉर्कच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल. शिवाय तेलुगू येतेच, हैदराबादेत ती परकी ठरणार नाही. शिकवण्याची पद्धत शिकायची असेल तर केंब्रिजचं सेल्टा प्रमाणपत्र आहे: किमान १२० तास, त्यात ६ तास प्रत्यक्ष वर्गावर शिकवावं लागतं. ते घरबसल्या ऑनलाइनही करता येतं. तिला केंब्रिजचं नावच हवं असेल तर ते यात आहे, आणि इथे ते नावापुरतं नाही.

हैदराबादचं मनावर घेतलं आणि प्रवेश मिळाला, तर यॉर्क दोन वर्षं पुढे ढकला. मला तरी तेच जास्त आवडेल. तिला कदाचित आवडणार नाही, म्हणून हे पत्र तिलाही वाचायला द्या, तिच्यापासून लपवून काही ठरवू नका.

महिनाअखेरीचं डिपॉझिट भरू नका. यॉर्कच्या शाळेला मेल करून तीनच गोष्टी विचारा: एका वर्गात जास्तीत जास्त किती जण, ज्या कुटुंबाकडे ठेवणार त्यांच्या घरी आणखी किती विद्यार्थी, आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत. उत्तरं आली की मला पाठवा. आणि एफडीच्या पावतीवर मुदत कधी संपते ते आजच बघून घ्या. ती सप्टेंबरच्या आधी संपत असेल तर मोडण्याचा दंडही वाचेल.