मोटारसायकलला साइडकार लावून कोल्ड्रिंकचे क्रेट आणि किरकोळ माल नेता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 150 सीसीची आहे, एजन्सी गावापासून बारा किलोमीटरवर आहे, आणि माल म्हणजे कोल्ड्रिंक, पाण्याचे बॉक्स, जोडीला थोडा किराणा. लग्नसराईत थंडगार माल जागेवर पोचवायचाही विचार आहे. नेता येतो. आमच्याकडे वडिलांनी हेच काम बरीच वर्षं चेतक स्कूटरवर केलं, पुढे मी जुन्या बुलेटवर केलं. मला हे विचारणारे सगळे एकच विचारतात, "किती वजन ओढेल?" येताना साइडकारमध्ये काय असणार, हे कुणी विचारत नाही. माझी गाडी मात्र येतानाच उलटायला आली होती.

वडिलांचा काळ काचेच्या बाटल्यांचा. 200 मिलीच्या चोवीस बाटल्यांचा भरलेला क्रेट साधारण पंधरा किलो भरायचा, आणि रिकाम्या बाटल्यांचा तोच क्रेट दहाच्या आसपास. बाटल्यांवर डिपॉझिट अडकलेलं, त्यामुळे रिकाम्या परत आणाव्याच लागायच्या. म्हणजे सहा क्रेट नेले तर जाताना नव्वद किलो, येताना साठ. साइडकार कधी हलकी व्हायचीच नाही. चेतकची अजून एक सोय होती. तिचं इंजिन उजव्या अंगाला, साइडकार डाव्या अंगाला, आणि तिन्ही चाकं एकाच मापाची असल्यानं एक स्टेपनी तिन्हींना चालायची.

मी धंद्यात आलो तोवर प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या होत्या. जाताना काठोकाठ भरून, येताना ताडपत्री आणि दोरी. पहिल्याच उन्हाळ्यात शिखर शिंगणापूरच्या चैत्र यात्रेला माल टाकून फलटणकडे परत येत होतो. उतार, डावं वळण, वेग फार नव्हता, चाळीसच्या आत असेल. एकदम साइडकारचं चाक जमीन सोडून वर आलं. अशा वेळी हात आपोआप हँडल उजवीकडे सरळ करतो. त्यानं चाक खाली येतं हे खरं, पण गाडी वळण सोडून थेट समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जाते. मी पलीकडच्या साइडपट्टीवर जाऊन थांबलो. समोरून ट्रॅक्टर आला असता तर हे उत्तर लिहायला मी उरलो नसतो.

भरलेली साइडकार गरीब असते, रिकामी द्वाड. आपल्याकडे ती डावीकडे असते, म्हणून धोका डाव्या वळणाला. वजन उजवीकडे फेकलं जातं आणि हलकं चाक उचलतं. उपाय सोपा आहे, पण तो कायमचा बसवायला हवा. दुकानात जुन्या तराजूची वीस किलोची दोन लोखंडी मापं पडून होती, कडीवाली. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती दार अडवायच्याच कामाची राहिली होती. ती मी साइडकारच्या तळाला, चाकाच्या बाजूला, पट्टी मारून बोल्टनं आवळून टाकली. वाळूचं पोतंही चालतं, पण ते भिजतं, फाटतं आणि एक दिवस कुणीतरी "हे कशाला?" म्हणून उतरवून ठेवतं. तुमच्या 150 सीसीला चाळीस किलो कायमचं ओझं जड जाईल, पंचवीस ठेवा. त्याच्यावर माल ऐंशी किलोच्या पुढे मी तरी नेणार नाही.

भरलेल्या गाडीची काळजी वेगळी. उजव्या वळणाला सगळं वजन साइडकारवर जातं, आणि माल पुढे रचलेला असेल तर तिचं नाक खाली जातं. पाण्याचे बॉक्स तळाला, चाकाच्या रेषेत. चिप्सची पाकिटं, बिस्किटं वर आणि पुढे. दोन थरांच्या वर रचू नका. अॅक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे ओढते, कारण साइडकार मागे रेंगाळते. ब्रेक मारला की उजवीकडे ओढते, कारण साइडकारला ब्रेक नसला तर ती पुढे रेटत राहते. आठवडाभरात हाताला सवय होते, पण थांबायला लागणारं अंतर वाढतं ते वाढतंच. गाडी झुकवून वळवायची सवय मात्र पूर्ण विसरा. हँडल फिरवायचं, रिक्षासारखं.

बसवण्याचं काम. माझ्या पहिल्या वेल्डरनं साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या अगदी ओळीत आणि नाकासमोर सरळ बसवलं. दिसायला झकास, पण हँडल सतत डावीकडे ओढायचं, संध्याकाळी खांदा भरून यायचा, आणि पुढचा टायर बघता बघता एका अंगानं घासला. दुसऱ्यानं ते उकललं. साइडकारचं चाक मागच्या चाकापेक्षा सात-आठ इंच पुढे घेतलं, पुढच्या बाजूनं चार-पाच सूत (अर्ध्या इंचाच्या आसपास) आत वळवलं, आणि मोटारसायकल किंचित उजवीकडे कलती ठेवली, म्हणजे माल भरल्यावर ती सरळ उभी राहते. माप घ्यायला दोन सरळ लांब पाइप चाकांना टेकवून पुढचं आणि मागचं अंतर टेपनं मोजायचं, एवढंच.

तुमच्या गाडीत एक अडचण येईल. बऱ्याच 150 सीसी गाड्यांच्या इंजिनाखालून चेसिसचा पाइप गेलेला नसतो, इंजिनच चेसिसचा भाग असतं. मग खालचा क्लॅम्प लावायला जागाच नाही. खालून वेगळी सबफ्रेम करून घ्यावी लागेल. चेसिसला थेट वेल्डिंग मारू देऊ नका. चार ठिकाणी क्लॅम्प आणि बोल्ट, आणि दर पंधरा दिवसांनी पाना फिरवायचा. डाव्या पायाला गिअर टाकायला जागा उरते का तेही आधी बघा. माझ्या बुलेटला गिअर उजवीकडे होता म्हणून मी सुटलो. मागचं स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) दोन-तीन दात मोठं घातलंत तर क्लच प्लेटा जरा टिकतील. अॅव्हरेज घटणार, ते धरूनच भाव काढा.

इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून नक्कल करणार असाल तर थायलंडचे बघा. तिथेही वाहतूक डावीकडून आणि गाडा डावीकडेच जोडलेला. फिलिपिन्समध्ये तो उजवीकडे असतो, ते माप आपल्याला उलटं पडतं.

आता थंड माल. इथे हिशेब उपयोगी पडतो. एक किलो बर्फ वितळताना साधारण 80 किलोकॅलरी उष्णता घेतो. एक लिटर कोल्ड्रिंक 32 अंशांवरून 4 अंशांवर आणायला 28 लागतात. म्हणजे चाळीस लिटर मालाला कागदावर चौदा किलो बर्फ. झाकण उघडणं, ऊन, खोक्याची गळती धरून मी वीस किलो घ्यायचो. माल आधीच फ्रीजमधून काढलेला असेल तर याच्या निम्म्यात काम होतं, म्हणून रात्रभर जमेल तेवढा थंड करून ठेवा. लादी फोडून गोणपाटात गुंडाळायची, भोवती थर्माकोल.

नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही, कारण खडे तिला ठिकठिकाणीच टेकतात. पाणी घातलं की थंडावा सगळीकडून लागतो. पण हेच पाणी चालत्या गाडीत वैरी. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन, आणि ते प्रत्येक वळणाला नेमकं नको त्या बाजूला धावतं. म्हणून बर्फ कोरडा न्यायचा आणि जागेवर पोचल्यावर पाणी ओतायचं. निघताना तोटी सोडून खोकं रिकामं करायचं. खोक्यात मध्ये एक आडवी फळी घाला, म्हणजे वितळलेलं पाणी एकदम एका बाजूला धावणार नाही. तोटीला नळी जोडून ती डावीकडे बाहेर काढा. माझी सुरुवातीला मागच्या चाकाजवळ टपकत होती, ओला टायर डांबरावर काय करतो ते सांगायला नको. खडे मीठ टाकलं तर बाटल्या झटपट गार होतात, पण ते पाणी पत्रा खातं. मी पुढे ते बंद केलं.

बर्फ घेताना रंग बघा. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा नियम आहे. सरबतात, ग्लासात जाणार असेल तर पांढराच, खाण्याच्या बर्फाच्या कारखान्यातला. बाटल्या बाहेरूनच गार करायच्या असल्या तरी मी निळा घेत नाही, माणसं तीच बाटली तोंडाला लावतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 मधल्या मोटारसायकलच्या व्याख्येतच, कलम 2(27), काढता-घालता येणारी साइडकार धरलेली आहे. तेव्हा वस्तू बेकायदा नाही. पण कलम 52 प्रमाणे गाडीत परस्पर बदल करता येत नाही, आरसीवर नोंद लागते. त्यातून धंद्याचा माल नेणार म्हटल्यावर नोंदणी कोणत्या प्रकारात करायची तेही आरटीओतच विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघात झाला की क्लेम नाकारायला आयतं कारण मिळेल. आधी आरटीओ, मग वेल्डर. मी उलटं केलं होतं आणि एकच काम दोनदा करून घेतलं.

रोज दहा-बारा क्रेटच्या वर माल असेल तर मात्र सरळ जुनी तीनचाकी टेम्पो रिक्षा बघा. साइडकारला रिव्हर्स नसतो. बोळात घुसल्यावर भरलेली गाडी मागे ढकलायला दोन माणसं लागतात, आणि लग्नघरातली माणसं तेव्हा नेमकी जेवायला बसलेली असतात.

घेतलीच तर पहिले दोन दिवस माल भरू नका. मोकळ्या मैदानावर रिकामी गाडी डावीकडे गोल गोल फिरवा, वेग थोडा थोडा वाढवत. कुणाला तरी बाजूला उभं करा आणि चाक उचललं की ओरडायला सांगा. त्या ओरडण्याच्या आधीच सीटखाली गाडी हलकी झाल्याचं कळायला लागलं, की मग एजन्सीकडे निघा.