वाचकांचे प्रश्न : ‘पहिलटकरीण ना?’

गेल्या अंकात एवढंच लिहिलं होतं की निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईने सातव्या महिन्यातलं अँटी-डीचं इंजेक्शन चुकवू नये, त्यावर बरीच पत्रं आलीत. एका पत्राला जास्त जागा देतेय, का ते वाचल्यावर कळेल.

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीला राहते, २६वा आठवडा चालू आहे. माझा बी निगेटिव्ह, मिस्टरांचा ओ पॉझिटिव्ह. साखरपुडा झाल्यावर, लग्नाच्या आधी मला दिवस गेले होते, ह्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि नवव्या आठवड्यात पडलं, घरी कुणालाच माहीत नाही. आता पहिल्या व्हिजिटला डॉक्टरांनी विचारलं ‘पहिलटकरीण ना?’ तेव्हा सासूबाई शेजारीच बसलेल्या, मी मान हलवली. तुमचं वाचल्यापासून झोप उडालीय. आता बाळाला काही होईल का?

उत्तर : अगं, आधी पाणी पी. सासूबाई शेजारी बसल्यावर कुठली मुलगी खरं सांगेल, त्यामुळे तुझ्यावर चिडायचा प्रश्नच नाही. पण ती मान हलवलीस ना, ते निस्तरायला हवं, आणि ह्याच आठवड्यात.

होतं काय ते सांगते. तू निगेटिव्ह, म्हणजे तुझ्या लाल पेशींवर डी नावाचा घटक नाही. बाळ बापावर गेलं तर त्याच्या पेशींवर तो असतो. गर्भ पडताना किंवा बाळंतपणात बाळाचे चार थेंब तुझ्या रक्तात मिसळले की तुझं शरीर त्या पेशींवर डूख धरतं. पहिल्या वेळी त्याला वेळ लागतो, तोवर बाळ बाहेर आलेलं असतं, म्हणून पहिलं बाळ बहुतेक सुखरूप. पुढच्या खेपेला मात्र ते तयारच असतं, त्याच्या अँटीबॉडी वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या लाल पेशी फोडतात. माझ्या आजीच्या पिढीत अशा बायका गावोगाव होत्या, थोरला ठणठणीत आणि मागची सगळी पिवळी पडून गेलेली, आणि दोष कुणाला तर त्या बाईच्या पायगुणाला! शरीराला असा डूख धरू न देणारं अँटी-डीचं इंजेक्शन आलं १९६८मध्ये, त्याआधी डॉक्टरांच्याही हातात फार काही नव्हतं.

आता तुझं. गर्भ पडला ती पण एक खेपच, शरीर पोटात किती महिने होतं ते विचारत नाही. नवव्या आठवड्यात धोका कमी असतो, शून्य नसतो, म्हणून आपल्याकडे तेव्हाही इंजेक्शन देतात, आणि मेडिकलवाल्याने गोळ्यांचं पाकीट दिलं, रक्तगट थोडाच विचारला. (सोनोग्राफी न करता त्या गोळ्या घेणं हे वेगळंच संकट, गर्भ नळीत असता तर जिवावर बेतलं असतं, पण ते झालं गेलं.)

फाईल काढ. पहिल्या रिपोर्टात हिमोग्लोबिन, थायरॉईड, एचआयव्हीच्या आसपास ‘आयसीटी’ किंवा ‘इनडायरेक्ट कूम्ब्स’ अशी ओळ आहे का बघ. निगेटिव्ह लिहिलं असेल तर शरीराने डूख धरलेला नाही, निम्मी काळजी तिथेच संपली. ओळच नसेल तर लगेच करून घे, साधी रक्ताची तपासणी आहे. असली तरी अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा करायची, आणि इंजेक्शनच्या आधी करायची, कारण नंतर केली तर त्या इंजेक्शनमुळेच ती थोडी पॉझिटिव्ह दिसू शकते आणि नाहक घाबरगुंडी उडते.

आणि आलीच पॉझिटिव्ह तर? मग अँटी-डीचा उपयोग नाही, डूख धरून झाल्यावर ते पुसता येत नाही. पण म्हणजे बाळ गेलं असंही नाही. अँटीबॉडी किती आहेत ते मोजतात, वाढत असतील तर डॉपलर सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला वेग बघून रक्त कमी पडतंय का कळतं, अगदीच वेळ आली तर पोटातच नाळेतून बाळाला रक्त चढवतात. हे सगळं वेळेवर होतं, पण डॉक्टरला आधीची खेप माहीत असली तर!

सांगायचं कसं? बीपी घ्यायला, वजन करायला आत नेतात ना, तेव्हा सासूबाई बाहेर असतात. तिथेच सांग, ‘मॅडम, ही दुसरी वेळ आहे, घरी माहीत नाही.’ एवढी दोन वाक्यं. डॉक्टरने हे घरच्यांना सांगायचं नसतं. आत नाही जमलं तर फोन कर. आणि फाईलवर ‘जी टू’, म्हणजे दुसरी खेप, असं लिहितील, त्याचा अर्थ सासूबाईंना नाही कळणार, पण नणंद नर्स वगैरे असेल तर फाईलवर लिहू नका असं आधीच सांगून ठेव. मिस्टरांना सोबत ने, गोळ्या त्यांनी आणल्या होत्या, आता रांगेत पण उभं राहू दे.

प्रश्न : वाघबीळला राहतो. बायको ए निगेटिव्ह, सातव्या महिन्यात इंजेक्शन झालं होतं. शुक्रवारी रात्री ११ला मुलगी झाली, ओ पॉझिटिव्ह. परत इंजेक्शन लागेल म्हणाले आणि त्यांच्याच मेडिकलला नव्हतं! शेवटी रविवारी नौपाड्यातून आणलं, बर्फाचा डबा मांडीवर आणि मी माजिवड्याला दीड तास अडकलेलो. दुपारी ३ला टोचलं. उशीर झाला का? आणि आम्हाला एकच मूल हवंय, मग एवढं महागडं इंजेक्शन दोनदा कशाला?

उत्तर : तुमचे ४० तास झाले, मुदत ७२ तासांची असते, त्यामुळे वेळेत आहात. (ज्यांची ७२ उलटली त्यांनीही सोडून देऊ नये, दहा दिवसांपर्यंत देतात, फायदा कमी होतो इतकंच.) डब्याचंही बरोबर केलंत, फक्त बाटली बर्फाला चिकटू द्यायची नाही, गोठलं तर वाया. सातव्या महिन्यातला डोस साधारण १२ आठवडे पुरतो आणि सगळ्यात जास्त रक्त मिसळतं ते बाळंतपणात, म्हणून दुसरा. बाळ निगेटिव्ह निघालं असतं तर लागला नसता. एकच मूल म्हणणारे पुढे दुसऱ्याच्या बारशाचे पेढे घेऊन येतात हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर मी बोलत नाही.

महाग का, तर ते कारखान्यात नुसतं रसायन ढवळून होत नाही, बहुतेक वेळा माणसांनी दान केलेल्या प्लाझ्मामधून (रक्तातल्या पातळ भागातून) काढतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन ह्यांच्या प्लाझ्मातूनही ते बनायचं, १९५४ पासून २०१८ पर्यंत ते ११७३ वेळा दान करून आले, आणि सुईकडे एकदाही बघितलं नाही म्हणे, भीती वाटायची. २०२५च्या फेब्रुवारीत वारले, ८८ वर्षांचे होते.

प्रश्न : खारघर. मी ओ पॉझिटिव्ह, बाळ ए पॉझिटिव्ह, दुसऱ्याच दिवशी कावीळ, दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवलं. माझं इंजेक्शन राहिलं का? आई म्हणते गॅलरीतलं कोवळं ऊन पुरे.

उत्तर : नाही हो, तुमचा त्या इंजेक्शनशी संबंधच नाही. ओ गटाच्या आईकडे ए आणि बी विरुद्धच्या अँटीबॉडी मुळातच असतात, त्यामुळे हे पहिल्या बाळातही होतं, पण बहुतेक सौम्य असतं आणि लाइटने उतरतं. आईंना सांगा, ऊन म्हणजे फोटोथेरपी नव्हे. घरी आल्यावर पिवळेपणा पोटाखाली उतरला, तळपाय पिवळे दिसले किंवा बाळ दूध ओढेना, सुस्त पडून राहिलं तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना. दूध पाजणं बंद करायचं नाही.

प्रश्न : मुलीला कळव्याचं चांगलं स्थळ आलंय, पत्रिका जुळते, पण दोघांचाही बी पॉझिटिव्ह. नातेवाईक म्हणतात रक्तगट एक असला की मुलं होत नाहीत.

उत्तर : नातेवाइकांना जेवायला बोलवा, सल्ल्याला नको. रक्तगट एक असल्याने काहीही बिघडत नाही. मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असला तरच वर लिहिलेली काळजी घ्यायची, स्थळ नाकारायचं कारण तेही नाही. तपासायचंच असेल तर दोघांची थॅलेसेमियाची (आईबापांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) तपासणी करून घ्या.