शब्दचर्चा : ‘लेट-राउंड स्टील’ मराठीत कसं सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन फुटबॉलवरच्या एका लेखाचं मराठी करताना ‘ड्राफ्ट’च्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, संदर्भात टॉम ब्रेडी या खेळाडूचं वर्णन ‘सिक्स्थ-राउंड स्टील’ (steal) असं आलं. भाषांतर करणाऱ्यानं लिहिलं, ‘ब्रेडी लिलावाच्या सहाव्या फेरीत स्वस्तात विकला गेला.’ तपासणाऱ्यानं ‘लिलाव’ खोडून ‘मसुदा’ केलं. आता दोघांपैकी बरोबर कोण, आणि ‘स्टील’, ‘स्लीपर’, ‘बस्ट’, ‘मिस्टर इररेलेव्हंट’ या शब्दांना आपल्याकडे काही सोय आहे का?

दोघंही चुकले आहेत, पण तपासणारा जरा जास्त. मसुदा कायद्याचा असतो, कराराचा असतो, फार तर लग्नपत्रिकेचा. इंग्रजीत ड्राफ्ट म्हणजे कच्चा खर्डा, बँकेचा ड्राफ्ट, सक्तीची सैन्यभरती आणि खेळाडूंची निवडसुद्धा. भाषांतराच्या यंत्रानं पहिला अर्थ उचलला आणि ‘मसुद्यात निवडला गेला’ अशी वाक्यं क्रीडापानांवर येऊ लागली. ती वाचून खेळाडूला कलम-पोटकलम लावल्यासारखं वाटतं.

‘लिलाव’ मात्र लबाड शब्द आहे. आयपीएलमुळे तो इतका सवयीचा झालाय की वाचताना खटकत नाही, आणि तिथंच घोटाळा होतो. लिलावात बोली असते, मूळ किंमत असते, दोन मालक ईर्ष्येला पेटले की भाव चढतो. अमेरिकेतल्या या निवडीत बोली नावाचा प्रकारच नाही. तिथं पाळी असते. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी, विजेत्याची सगळ्यांत शेवटी. पाळी आली की कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी एकाचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की त्याच्याशी करार करण्याचा हक्क त्या संघाचा. बत्तीस संघांची एकेक पाळी झाली की एक फेरी झाली, आणि अशा सात फेऱ्या होतात. गल्लीत दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहून आळीपाळीनं भिडू मागून घेतात, तोच हा खेळ, फक्त कोट-टाय घालून आणि टीव्हीवर.

ही पद्धत फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा मालक बर्ट बेल यानं सुचवली. पैसेवाले संघ चांगली पोरं आधीच उचलत होते आणि त्याच्यासारख्यांच्या हाती काही लागत नव्हतं. पहिली निवड फेब्रुवारी १९३६मध्ये फिलाडेल्फियातल्याच एका हॉटेलात झाली. पहिलं नाव घेतलं गेलं जे बर्वँगरचं, आणि हा पठ्ठ्या व्यावसायिक सामना एकही खेळला नाही! म्हणजे पहिल्या क्रमांकाचं काही खरं नसतं हे पहिल्याच वर्षी कळलं होतं.

आता ‘विकला गेला’कडे वळू. २०११पासून नवख्या खेळाडूचा पहिला करार जवळजवळ क्रमांकानंच ठरतो. भाव खेळाडूचा नसतो, तो कितव्या पाळीला घेतला त्याचा असतो. त्यामुळे ‘स्वस्तात विकला गेला’ हे चूक, पण ‘संघाला स्वस्तात पडला’ हे चालेल. पहिल्या वाक्यात विकणारा कोणीतरी आहे असं वाटतं, दुसऱ्यात नुसता हिशोब आहे.

‘पिक’ हा शब्दही दुतोंडी आहे. पिक म्हणजे पाळी आणि पिक म्हणजे त्या पाळीला घेतलेला खेळाडूही. संघ पाळ्यांची अदलाबदल करतात, पुढच्या वर्षांच्या पाळ्या आजच देऊन टाकतात. तिथं ‘पाळी’ लिहा. (या शब्दाला कुणी दबकत असेल तर ‘निवडीचा हक्क’ म्हणावं. मी दबकत नाही. कारखान्यात तीन पाळ्या चालतात तेव्हा कुणी दबकत नाही.) माणसाबद्दल बोलताना ‘भिडू’ किंवा सरळ ‘खेळाडू’. ब्रेडी न्यू इंग्लंड पेट्रियट्सनं २०००मध्ये १९९व्या क्रमांकावर घेतला, आणि ती पाळी त्यांच्या नेहमीच्या वाट्याची नव्हती. करार संपलेले खेळाडू संघ सोडून गेले म्हणून मिळालेली, भरपाईची होती. हे ‘लिलाव’ शब्दात सांगायला गेलात तर वाक्याची वाटच लागेल.

‘सहाव्या फेरीत’ हेही सांभाळून वापरावं. आपल्या क्रीडापानांवर फेरी म्हणजे स्पर्धेची फेरी, दुसऱ्या फेरीत बाद, उपांत्य फेरीत धडक वगैरे. ‘सहाव्या फेरीतला ब्रेडी’ म्हटलं की वाचकाला वाटतं हा कुठल्यातरी स्पर्धेत बराच पुढं गेला. ‘निवडीच्या सहाव्या फेरीत’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. आणि ‘लेट’ला ‘उशिरा’ नको. ‘उशिरा निवडला गेला’ म्हणजे वय उलटून गेल्यावर, असं वाटतं. ‘शेवटच्या फेऱ्यांत’ किंवा ‘तळाच्या फेऱ्यांत’ बरं.

तळ म्हणजे नेमका कुठला, हे मात्र काळाप्रमाणे बदलतं. बार्ट स्टार हा ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली रचणारा संघाचा सूत्रधार. (ब्रेडीही तोच.) पाच विजेतेपदं, पहिल्या दोन्ही सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यांत, सर्वोत्तम खेळाडू. १९५६मध्ये त्याचा क्रमांक होता २००वा, म्हणजे ब्रेडीच्या अगदी शेजारचा. पण फेरी सतरावी! तेव्हा बारा संघ होते आणि फेऱ्या तीस. आज सतरावी फेरीच नाही. जॉनी युनायटसला पिट्सबर्ग स्टीलर्सनं १९५५मध्ये नवव्या फेरीत घेतलं, पण त्याचा क्रमांक १०२वाच होता. आज १०२वा खेळाडू तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या सीमेवर असतो, त्याला तळाचा कुणी म्हणणार नाही. म्हणून मराठीत लिहिताना वर्ष, फेरी आणि क्रमांक तिन्ही द्यावेत. एकटी फेरी दिशाभूल करते.

आता ‘स्टील’. याला ‘चोरी’ करू नका, मराठी चोरीत शाबासकी नाही. इंग्रजीत तो शब्द सौद्याबद्दल आहे. मोलाची वस्तू कवडीमोलानं हाती लागली, एवढंच त्यात म्हणायचंय. आपल्याकडे त्याला झकास शब्द आहे, ‘घबाड’. ब्रेडी म्हणजे पेट्रियट्सच्या हाती लागलेलं घबाड. या शब्दात थोडी नशिबाची छटा आहे आणि इथं ती हवीच आहे. कारण त्या वर्षी पेट्रियट्सनं ब्रेडीच्या आधी सहा दुसऱ्या खेळाडूंची नावं घेतली होती. त्याची खात्री असती तर कोण थांबलं असतं? इतर संघांनी त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक घेतले, ते वेगळंच. त्याचं कारणही दिसत होतं. चाचणीत चाळीस यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले, क्वार्टरबॅकसाठीसुद्धा हे रडतखडत. पुढं सप्टेंबर २००१मध्ये पेट्रियट्सचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला. हा ब्लेडसो १९९३च्या निवडीतलं पहिलं नाव. त्याच्या जागी १९९वा उतरला आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकून बसला. एकूण सात जिंकले.

‘स्लीपर’ला ‘झोपलेला’ म्हणणारेही भेटतात! त्याला ‘झाकलं माणिक’ आहे की. घबाड आणि झाकलं माणिक यांत काळाचा फरक आहे, तो जपावा. निवडीच्या आधी जाणकार कुजबुजतात, ‘हा पोरगा झाकलं माणिक आहे बरं का.’ घबाड म्हणायला दोन-तीन हंगाम जावे लागतात. टेरेल डेव्हिस १९९५मध्ये सहाव्या फेरीत १९६व्या क्रमांकावर डेन्व्हरला मिळाला आणि १९९८च्या हंगामात दोन हजार आठ यार्ड धावला. त्याला आज स्लीपर म्हणणं म्हणजे लग्न होऊन नातवंडं झालेल्याला उपवर म्हणण्यासारखं आहे.

‘बस्ट’ला मथळ्यात ‘फुसका बार’, आणि सविस्तर लिहायचं असेल तर ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’. १९९८च्या निवडीत पहिला पेटन मॅनिंग, दुसरा रायन लीफ, दोघंही क्वार्टरबॅक. त्या वेळी दोघांत कोण सरस यावर खरोखर वाद होता. लीफ फुसका बार निघाला, चार वर्षांत कारकीर्द आटोपली. पण हा शब्द जपून वापरावा. सॅन फ्रान्सिस्कोनं २०२१मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्सला घेण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या मोजल्या आणि तो दुसऱ्याच हंगामाच्या सुरुवातीला घोटा मोडून बसला. त्याला फुसका म्हणायला माझी जीभ वळत नाही.

लान्सच्या दुखापतीतूनच तुमच्या शेवटच्या शब्दाची गोष्ट सुरू होते. त्याच्या जागी आलेला जिमी गारोप्पोलोही डिसेंबर २०२२मध्ये पाय मोडून बाहेर गेला. मग उरला कोण? ब्रॉक पर्डी, त्या वर्षीच्या निवडीतला २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा. या शेवटच्याला ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात. ही चेष्टा १९७६मध्ये पॉल सलाटा नावाच्या माजी खेळाडूनं सुरू केली. शेवटच्या मुलाला कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला बोलवायचं, आठवडाभर त्याचं कौतुक करायचं, मिरवायचं आणि एक करंडक द्यायचा. कॉलेज फुटबॉलमधला मोठा सन्मान म्हणजे हाइजमन करंडक, तर याचं नाव लोजमन. त्या पुतळ्यातल्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटतोय. पहिला मानकरी केल्विन कर्क, ४८७वा. पुढं तर शेवटचं नाव आपल्याला मिळावं म्हणून दोन संघ एकमेकांसाठी थांबून राहिले आणि ती टाळाटाळ बंद करायला नियम करावा लागला.

याचं मराठी ‘श्रीयुत अप्रासंगिक’ असं वाचलंय. ते सरकारी परिपत्रकातलं वाटतं. ‘बिनमहत्त्वाचा’ म्हटलं तर चेष्टा जाऊन अपमान उरतो. मला ‘लिंबूटिंबू’ जवळचा वाटतो. भिडू वाटून झाल्यावर उरलेलं, कुणालाच नको असलेलं आणि तरी लाडानं खेळात घेतलेलं पोर. एक अडचण आहे. लिंबूटिंबूला खेळात सवलत असते, बाद झाला तरी बाद धरत नाहीत. पर्डीला कुणी सवलत दिली नाही, समोरचे धिप्पाड गडी त्याला इतरांसारखेच लोळवत होते. (क्वार्टरबॅकला असं लोळवण्याला ‘सॅक’ म्हणतात, आणि तो शब्द रूढ करण्याचं श्रेय डीकन जोन्सला देतात. तोही १९६१चा, चौदाव्या फेरीतला!) म्हणून माझा सल्ला असा. पहिल्यांदा ‘मिस्टर इररेलेव्हंट, म्हणजे निवडीतलं लिंबूटिंबू’ असं एकदा फोडून सांगा आणि पुढं देवनागरीतलं इंग्रजी नावच ठेवा. ती पदवी आहे, पदवीचं भाषांतर शक्यतो करू नये. ‘शेंडेफळ’ही कुणी सुचवेल, पण शेंडेफळाचे लाड आयुष्यभर होतात, याचे आठवडाभरच.

पर्डीचा पहिला करार चार वर्षांचा, सगळे मिळून चाळीस लाख डॉलरच्याही आत. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यानं संघाला सुपर बोलपर्यंत नेलं, तिथं जादा वेळेत कॅन्सस सिटीकडून २५–२२ अशी हार झाली. २०२५मध्ये नवा करार झाला, पाच वर्षांचा, २६ कोटी ५० लाख डॉलरचा. ‘घबाड’ हा शब्द आता संघानं वापरायचा की पर्डीनं, हे तुम्हीच ठरवा.

तुमचं मूळ वाक्य मी असं लिहीन : ‘२०००च्या निवडीत सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर घेतलेला ब्रेडी पेट्रियट्सना घबाडच ठरला.’ ‘ड्राफ्ट’ ठेवायचा असेल तर ठेवा, वाचकांना तो कळतो. आयपीएलच्या पहिल्या हंगामाआधी, २००८मध्ये, एकोणीस वर्षांखालच्या मुलांचा लिलाव झालाच नव्हता, ड्राफ्ट झाला होता. त्यात दिल्लीनं विराट कोहलीऐवजी प्रदीप सांगवान घेतला आणि कोहली बंगळूरकडे गेला. आजही बातम्यांत ‘कोहलीला बंगळूरनं लिलावात घेतलं’ असं सर्रास छापतात.

जाता जाता ‘अनड्राफ्टेड’. याला ‘वगळलेला’ लिहू नका. वगळायला आधी आत असावं लागतं. युनायटस वगळलेला होता. स्टीलर्सनं घेतला, पण हंगाम सुरू होण्याआधीच घरी पाठवला, आणि तो सामन्याला सहा डॉलर घेऊन अर्धव्यावसायिक संघात खेळत राहिला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरनं बोलावलं. कर्ट वॉर्नरचं १९९४च्या निवडीत नावच निघालं नाही. मग ग्रीन बेनं त्याला सराव शिबिरात घेतला आणि तिथून काढला. आयोवात किराणा दुकानात रात्री फडताळं भरणारा हा माणूस जानेवारी २०००मध्ये सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू झाला. म्हणजे तो दोन्ही होता, आधी ‘निवडीत नाव न निघालेला’ आणि मग ‘वगळलेला’. दोन शब्द वेगळे ठेवलेत तरच ही गोष्ट सांगता येते.